घरचा वाचक

वाशीहून बेलापूरकडे पामबीच मार्गाने निघालं की नेरुळच्या हद्दीत सारसोळे येतं. डाव्या हाताला गाव, उजव्या हाताला खारफुटी, तिच्यापलीकडे जेट्टी आणि खाडी. मधून वेगाने पळणाऱ्या गाड्या. सारसोळ्याच्या कोळ्याला आपल्या होडीपर्यंत पोचायला हा रस्ता ओलांडावा लागतो. रस्ता नव्हता तेव्हा गाव आणि खाडी यांच्यामध्ये काय होतं, हे आज तिथे उभं राहून कळत नाही. पण ते सांगू शकणारी माणसं अजून गावात आहेत. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली, तेव्हा जो मुलगा पंधरा वर्षांचा होता तो आता सत्तरीत पोचला आहे. बांध कुठून कुठे जायचा, खाडीचं पाणी अडवणारी-सोडणारी उघाडी कुठे होती, उधाणाचं पाणी कुठवर चढायचं, निवट्या आणि चिंबोऱ्या कुठल्या चिखलात मिळायच्या, हे त्याला नकाशाशिवाय माहीत आहे. त्याच्या नातवाला त्यातलं फारसं काही माहीत नाही.

ठाणे, पनवेल आणि उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. त्याची सरकारी नोंद भरपूर आहे. संपादनाच्या अधिसूचना आहेत, सर्व्हे नंबर आहेत, मोबदल्याचे आकडे आहेत, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेच्या फायली आहेत. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचा लढा आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात गोळीबारात हुतात्मा झालेले पाच शेतकरी यांचीही नोंद आहे. सारसोळ्याच्या शेजारचं कुकशेत तर मुळात या जागी नव्हतंच. औद्योगिक पट्ट्यातून उठवून ते नेरुळात आणून वसवलं गेलं, हेही कागदावर आहे. कागदावर नाही ते घराघरांत आहे. मोबदल्याच्या पैशाचं नेमकं काय झालं, शेती गेल्यावर आजीने दिवस कसे काढले, कोणत्या भावाने जाळं सोडून कारखान्याचं गेट धरलं, कोणत्या मुलीने पहिल्यांदा महिन्याचा पगार आणून आईच्या हातात ठेवला. हे दुसरं कुणी लिहिणार नाही. ते त्या घरातल्याच कुणीतरी लिहायचं आणि घरच्यांना, सोयऱ्यांना, मित्रांना वाचायला द्यायचं.

असं लिहिणं म्हणजे हौस, खरं साहित्य ते छापून बाजारात येतं, असा एक समज आपल्याकडे पक्का आहे. तो तपासून पाहण्यासारखा आहे. अनोळखी वाचक लेखकावर विश्वास टाकून वाचतो. घरचा वाचक तसं करत नाही. तो तिथे हजर होता. आजोबांनी होडी विकली ती नारळी पौर्णिमेच्या आधी की नंतर, हे चुलत्याला लेखकापेक्षा चांगलं आठवतं आणि तो लगेच तसं म्हणतो. पन्नास हजार वाचकांपुढे जी थाप सहज खपेल ती पाच नातेवाइकांपुढे खपत नाही. इतका कडक संपादक कुठल्याही प्रकाशनसंस्थेत मिळणार नाही. मराठीतली काही अव्वल आत्मकथनं अशाच साक्षीदार वाचकांसाठी, त्यांच्या आग्रहामुळे किंवा त्यांच्या धाकात लिहिली गेली.

त्यातलं एक सारसोळ्यापासून फार लांबचं नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज होतं; उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल, हे कानावर आल्यावर ते १८५७ साली चुलत्यांबरोबर पायी निघाले. वाटेत बंडाची बातमी कळली. पुढची दोन-अडीच वर्षं हे भिक्षुक त्या वणव्यातून चालत राहिले. १८५८ मध्ये झाशीला इंग्रजी फौजेचा वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. राणी लक्ष्मीबाई त्यांनी डोळ्यांनी पाहिली, शहराची लूट पाहिली, स्वतःही लुटले गेले. घरी परतले ते दक्षिणेचे पैसे घेऊन नव्हे; आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेच्या पाण्याची कावड मात्र त्यांनी आणली.

गोडसे हे वैद्य घराण्याचे उपाध्याय. यजमानांच्या घरी ते हा प्रवास सांगत. त्या घरातला तरुण, पुढे इतिहासकार म्हणून नाव मिळवलेले चिंतामण विनायक वैद्य, त्यांनी गोडसे यांना हे सगळं लिहून काढायला लावलं. १८८३च्या सुमारास ते लिहिलं गेलं. बंडाच्या आठवणी इंग्रजी अमलात छापणं धोक्याचं होतं, त्यामुळे हस्तलिखित वैद्यांकडेच राहिलं आणि गोडसे यांच्या मृत्यूनंतर १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून प्रसिद्ध झालं. म्हणजे जवळजवळ पाव शतक हा मजकूर एका ओळखीच्या घरातच होता. आज अठराशे सत्तावन्नचा अभ्यास करणाऱ्याला हे पुस्तक टाळून पुढे जाता येत नाही. अमृतलाल नागरांनी ते हिंदीत नेलं. सेनापतींच्या खलित्यांत जे सापडत नाही ते यात आहे: कुणी काय जेवायला घातलं, दक्षिणा किती दिली, पाण्यावाचून दिवस कसा काढला. यजमानाच्या ओसरीवर ऐकणारे लोक असलेच प्रश्न विचारतात. इतिहासकारासाठी लिहायचं ठरवून बसले असते तर गोडसे यांनी हा तपशील गाळला असता, असं मानायला जागा आहे.

या गोष्टीला पुढचा भाग आहे आणि घरच्यांसाठी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात ठेवावा. १९०७च्या पुस्तकात वैद्यांनी गोडसे यांच्या मजकुरावर हात फिरवला होता. भाषा नीटनेटकी केली, काही भाग वगळला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिलं, म्हणून १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांना मूळ संहितेवरून पुस्तक संपादित करता आलं. गोडसे यांचं बोलणं जसंच्या तसं वाचकांपुढे यायला आणखी ५९ वर्षं जावी लागली. आज एखादी नात सारसोळ्यातल्या आजीच्या आठवणी उतरवायला बसते तेव्हा नकळत ती वैद्यांचंच काम करते. आजी आगरी बोलीत बोलते आणि नात ते शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत उतरवते. वाक्यं शुद्ध होतात आणि आजी निघून जाते. आजीला ओळखणाऱ्या बहिणीने तो मजकूर वाचला की ती पहिल्याच पानावर विचारते, ‘आय असं कुठं बोलते?’ या प्रश्नाचा मान ठेवून बोली तशीच राहू द्यावी.

लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत साक्षीदार पोटचा मुलगाच होता. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये गेले. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्राची जुळवाजुळव करत होता, त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. शाळेत कधी न गेलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या या बाईने लिहायला घेतलं आणि १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग निघाले. त्यात सोवळ्यापायी मीठसुद्धा धुऊन घेणारे वडील आहेत, टिळकांचा संताप आहे, विसरभोळेपणा आहे, न सांगता घर सोडून जाणं आहे. टिळक ख्रिस्ती झाल्यावर पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले, त्या काळातली तिची घालमेल आहे. हे सगळं ज्याच्यासाठी लिहिलं जात होतं तो त्याच घरात वाढला होता. त्याच्यापुढे वडिलांचा देव्हारा मांडून चाललं नसतं आणि त्यांना खलनायक करूनही चाललं नसतं. लक्ष्मीबाईंच्या लिखाणातला मोकळा, प्रेमळ, तरीही काही न लपवणारा सूर यातून आला असावा.

साने गुरुजींनी आईच्या आठवणी आधी सांगितल्या त्या नाशिकच्या तुरुंगातल्या सोबत्यांना. त्यानंतर फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत त्या लिहून काढल्या. पुढे त्यांनी पुतणीला पाठवलेली पत्रंही ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकरूपाने आली. लिहिताना समोर एक ठरावीक, ओळखीचा चेहरा होता आणि वाक्यावाक्यात तो जाणवतो.

मात्र घरचा वाचक नेहमीच मायेचा असतो असं धरून चालणं खोटेपणाचं होईल.

फलटणच्या बेबी कांबळे छोटंसं किराणा दुकान चालवायच्या. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रं वाचता वाचता त्यांना लिहावंसं वाटू लागलं. दुकानात बसूनच त्यांनी आपल्या समाजाचं, विशेषतः बायकांचं जगणं वहीत उतरवलं आणि त्या वह्या नवऱ्यापासून, घरच्यांपासून सुमारे वीस वर्षं लपवून ठेवल्या. फलटणला स्थायिक झालेल्या भाषातज्ज्ञ आणि शिक्षणकार्यकर्त्या मॅक्सिन बर्नसन यांच्या नजरेला हे लिखाण आलं, त्यांनी धीर दिला, आणि १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते क्रमशः प्रसिद्ध झालं. १९८६ मध्ये पुस्तक आलं: ‘जिणं आमुचं’. मराठीतल्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत ते आघाडीवर गणलं जातं.

त्या पुस्तकात बेबीताईंनी स्वतःच्या संसाराबद्दल जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्या बोलल्या ते कितीतरी वर्षांनी, इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत. वहीत आपलं दुःख न मांडता त्यांनी सगळ्या वस्तीचं मांडलं. याची कारणं अनेक असतील, पण घर नावाच्या वाचकाचं वजन त्या न लिहिलेल्या पानांवर आहे, हे नाकारता येत नाही. म्हणून ‘लिहा आणि घरच्यांना दाखवा’ असा सरसकट सल्ला देणं बरोबर नाही. ज्या बाईला घरात बोलता येत नाही तिने आधी स्वतःसाठी लिहावं, वही मैत्रिणीकडे किंवा बहिणीकडे ठेवावी, आणि कुणाला काय वाचायला द्यायचं हे तिचं तिने ठरवावं. नवरा, सासू, मुलं यांना तो मजकूर मागण्याचा हक्क नाही.

दया पवारांनी १९७८ साली ‘बलुतं’ लिहिलं तेव्हा त्यांच्याच समाजातल्या काहींनी विचारलं, ही आपली लक्तरं चारचौघांत कशाला टांगता? पुस्तकात लेखक दगडू मारुती पवारशी बोलतो. आपणच आपल्या जुन्या स्वतःला समोर बसवून विचारतो. जवळच्या माणसांचा राग पत्करूनही काही पुस्तकं लिहावीच लागतात आणि ‘बलुतं’ त्यांतलं आहे. पण तो निर्णय लेखकाने डोळे उघडे ठेवून घेतला होता. नातेवाइकांच्या ग्रुपवर सणाच्या दिवशी जुनी भांडणं टाकणं वेगळं आणि हे वेगळं.

भांडणं लिहायचीच नाहीत का? रमाबाई रानड्यांकडे पाहता येईल. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये गेले. १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या प्रस्तावनेसह ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ आलं. नवऱ्याच्या इच्छेने शिकणाऱ्या या सुनेला घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी किती टोचून खाल्लं ते त्यात आहे. कोण काय बोललं, सून गप्प कशी राहिली, रात्री नवऱ्याने समजूत कशी घातली, हे सगळं घडलं तसं सांगितलं आहे आणि निवाडा वाचणाऱ्यावर सोडला आहे. सासरबद्दल लिहू इच्छिणाऱ्या कुणालाही यापेक्षा चांगला धडा मिळणं कठीण.

सारसोळ्यासारख्या गावात सगळ्यात नाजूक विषय जमिनीचा आहे. संपादन वडिलांच्या नावावर झालं, साडेबारा टक्क्यांचा भूखंड वारसांच्या नावावर, आणि वारस म्हणजे चार भाऊ, तीन बहिणी, त्यातल्या दोघी आता हयात नाहीत. अशा घरात ‘काकांनी आम्हाला फसवलं’ हे वाक्य आठवण म्हणून लिहिलं तरी उद्या आरोप म्हणून वाचलं जातं. इथे नियम साधा ठेवावा. जे कागदावर आहे ते तारखेसह लिहावं. जे स्वतः पाहिलं ते ‘पाहिलं’ म्हणून लिहावं. जे ऐकलं ते कुणाकडून ऐकलं त्याचं नाव घालून लिहावं. दुसऱ्याच्या मनात काय होतं ते लिहू नये. ज्याच्याबद्दल परिच्छेद आहे त्याला तो आधी वाचून दाखवावा. तो ‘नको’ म्हणाला तर आजार, मोडलेलं लग्न, कर्ज, व्यसन या गोष्टी निमूट काढून टाकाव्यात. लहान मुलांचं मत विचारता येत नाही, म्हणून त्यांच्याबाबतीत जास्त जपून राहावं.

कोण वाचणार हे ठरवून लिहिणं आपल्या आजी-आजोबांना आपल्यापेक्षा चांगलं जमत होतं. हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं १८७९ साली, पाव आण्याला. कार्ड उघडं असायचं. पोस्टमन वाचायचा, शेजारी वाचायचा, आणि ज्या घरात कुणालाच वाचता येत नसे तिथे पोस्टमनच मोठ्याने वाचून दाखवायचा. त्यामुळे कार्डावर ‘इकडील सर्व क्षेम’ एवढंच. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की मजकूर वाचायच्या आधीच घरात रडणं सुरू व्हायचं. १९५०मध्ये निळसर इनलँड लेटर आलं आणि घडी घालून चिकटवता येणारी थोडी खासगी जागा मिळाली. तिथे सासुरवाशिणीने आईला लिहायचं. पैशांचा, सोयरिकीचा मामला असला की पाकीट. मुंबईतल्या चाकरमान्याने गावी मनिऑर्डर पाठवली की फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळींची जागा असायची, ती पैशांइतकीच वाट पाहून वाचली जायची. कुठला मजकूर किती डोळ्यांखालून जाणार याचं हे भान चौथी शिकलेल्या माणसालाही होतं.

आता कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. त्यात साठ माणसं असतात आणि मजकूर पाकिटातला असला तरी तो कार्डासारखा उघडा पडतो. ग्रुपमधल्या कुणीही तो पुढे पाठवू शकतो. अफवांवरून झालेल्या हत्यांनंतर २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्याने वेग कमी होतो, पाठवणं थांबत नाही. म्हणून मोठ्या ग्रुपवर टाकायचं ते कार्डावर लिहितोय असं समजून टाकावं. इनलँडचा मजकूर एकेकाला वेगळा पाठवावा, आणि पाकिटातला मजकूर समोर बसूनच वाचायला द्यावा.

आणि जुनी पत्रं सापडली तर? ट्रंकेत आजोबांची पत्रं निघाली की ती टाइप करून सगळ्यांना पाठवायचा मोह होतो. प्रताधिकाराचा १९५७चा कायदा इथे बऱ्याच जणांना अनपेक्षित वाटेल. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुरावरचा हक्क ज्याने लिहिलं त्याचा, आणि त्याच्यानंतर त्याच्या वारसांचा. म्हणजे आईला मामाने लिहिलेली पत्रं छापायची तर मामाच्या मुलांना विचारायला हवं. कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी हे विचारायला जाणं फायद्याचं असतं, कारण त्या घरी बहुतेक वेळा पत्रांची दुसरी बाजू मिळते.

कोकणस्थांच्या आणि आणखी काही घराण्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कुलवृत्तांत निघत आले. मूळ पुरुष, शाखा, पिढ्या, जन्मसाल, व्यवसाय, अशी काटेकोर मांडणी. त्यामागची मेहनत थक्क करणारी आहे. पण जुने वृत्तांत उघडले की दिसतं, सुनेचं माहेरचं नाव दिलेलं असतं आणि मुलीची रेघ लग्नापाशी थांबते. तिची मुलं, तिचं पुढचं आयुष्य दुसऱ्या कुळाच्या वहीत. आगरी-कोळी घरांत असे छापील वृत्तांत विरळा. त्यांची वंशावळ मिळते ती नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत, जिथे दशक्रियेला गेलेल्या पणजोबांनी अंगठा उठवलेला असतो. आणि एक मोठा ठेवा लग्नघरात आहे. आगऱ्यांच्या लग्नात विधी चालवते ती धवलारीण, आणि ते धवळे गाऊन. देवांना बोलावणं, नात्यातल्या माणसांना मान देणं, सगळं तिच्या तोंडून. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईकडे हा अधिकार परंपरेने आला आहे. धवलारिणी आता थोड्या उरल्या आहेत. एखाद्या घरात आजी किंवा मावशी धवलारीण असेल तर त्या घराने इतर सगळं बाजूला ठेवून आधी तिचं रेकॉर्डिंग करावं, तेही एकाच बैठकीत न उरकता, पुन्हा पुन्हा.

साधनं आता अडचणीची राहिलेली नाहीत. २०१७पासून मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करता येतं. आगरी शब्द त्याला नीट कळत नाहीत, जिताडा या माशाच्या नावाचं काहीतरी भलतंच होतं, म्हणून मूळ आवाजाची फाइल जपून ठेवावी आणि टाइप झालेलं तिच्याशी ताडून पाहावं. वहीच्या पानाचे फोटो काढून ठेवणं चांगलं, पण फोटोतला शब्द शोधता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेलं असेल तर वीस वर्षांनी एखादी पणती ‘उघाडी’ एवढा शब्द टाकेल आणि नेमकं ते पान उघडेल.

सुरुवात ‘माझा जन्म अमुक साली’ इथून करायचं कारण नाही. घरच्या वाचकाला ते माहीत असतं. सारसोळ्यातल्या सत्तरीच्या माणसाने कोऱ्या कागदावर गावाचा जुना नकाशा काढावा. देऊळ, विहीर, बांध, खाऱ्या म्हणजे खाडीकाठची शेतं, मिठागर असेल तर ते, होड्या लावायची जागा. प्रत्येक खारीला नाव होतं. ते नाव सातबाऱ्यावर नसतं, लोकांच्या तोंडी असतं, आणि शेवटचा बोलणारा गेला की संपतं. नकाशा झाला की त्यातल्या एकेका ठिकाणी काय घडलं ते लिहावं. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला तेव्हा गावातून पहिल्यांदा कोण त्यावरून मुंबईला गेलं. १९९२ मध्ये महापालिका आली आणि त्याच वर्षी लोकल खाडी ओलांडून वाशीपर्यंत पोचली, तेव्हा घरात काय बदललं. पूर्वी जाळ्यात बोय किती यायची, कोलंबी कोणत्या महिन्यात, आणि खाडीच्या पाण्याचा वास कधीपासून बदलला. मासळीबद्दलचा हा तपशील तर खाडीचा अभ्यास करणाऱ्यांनाही हवा असतो, कारण रोजच्या मासेमारीची अशी नोंद त्यांच्याकडे क्वचितच असते.

लिहून झालं की पंचवीस-तीस प्रती पुरतात. झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही बाजूंनी छापून स्पायरल बाइंडिंग करता येतं. पहिल्या पानावर लिहिल्याची तारीख, लिहिणाऱ्याचं आणि सांगणाऱ्याचं नाव, आणि ‘खासगी वितरणासाठी’ असा शेरा. प्रत्येक पानाच्या उजवीकडे रुंद कोरी जागा सोडावी आणि प्रत देतानाच सांगावं की चुकलं असेल तिथे पेनाने लिहा. मग करंजाला दिलेली आत्या लिहील की ती होडी आधी विकली आणि लग्न नंतर झालं. पुण्याचा भाचा जुन्या फोटोच्या मागची तारीख कळवेल. या दुरुस्त्या मजकुरात मिसळून टाकू नयेत. मूळ वाक्य तसंच ठेवावं आणि खाली आत्याचं म्हणणं तिच्या नावाने द्यावं. दोघांची आठवण वेगळी असणं हीसुद्धा नोंदच आहे. दुसऱ्या आवृत्तीची एक प्रत, ज्यांची नावं आत आहेत त्यांची संमती घेऊन, गावाबाहेर ठेवायला द्यावी. सारसोळे ठाणे तालुक्यातलं, आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून मराठी पुस्तकं जपत आलं आहे. तिथे विचारायला हरकत नाही.